चार डबे आणि टेंभुर्णीचा रस्ता

सोलापुरात सत्तरच्या दशकात जी जी वस्तू म्हणून थरथरत होती, तिला एकदा तरी आमच्या घरमालकिणीच्या दिरांचा तळहात लागला होता, हे मी कुठल्याही देवळात उभी राहून सांगायला तयार आहे. पिठाची गिरणी, विहिरीवरचं इंजिन, वरातीतल्या बँडचा मोठा ढोल, दवाखान्यातला छताचा पंखा, स्टँडवर उभी असलेली एसटी. चालता चालता हा माणूस थांबायचा, खाकी विजारीला हात पुसायचा, तळवा त्या वस्तूवर अलगद टेकवायचा आणि डोळे मिटायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वैद्यबुवा नाडी बघताहेत. मिनिटभरानं निकाल मिळायचा, "डावा पाय वर हाय हिचा." गिरणीवाला आधी हसे, मग चिडे, आणि आठवड्याभरानं कुणाचं लक्ष नाही असं बघून गिरणीच्या डाव्या पायाखाली पत्र्याचा तुकडा सारून येई. यांना ते न सांगता कळे. रस्त्यावरून जाताना नुसत्या आवाजावरून समाधान वाटे आणि ते गिरणीकडं न बघता पुढं जात. दुसऱ्यानं चूक सुधारली की तिकडं बघायचं नाही, हे सौजन्य मी पुढं फार कमी माणसांत पाहिलं. माझ्यात तर नाहीच.

नात्यानं ते माझे कुणीच नव्हते. लग्न होऊन मी सोलापूरला आले ती अक्कांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून. अक्का म्हणजे घरमालकीण. त्यांचे यजमान सकाळी नवी पेठेतल्या आपल्या कापडाच्या दुकानात जात ते दिवेलागणीला उगवत. हे त्यांचे धाकटे दीर, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून उमर घालवून घरी परतलेले आणि लग्नाच्या भानगडीत न पडलेले. अक्का त्यांना भाऊजी म्हणत म्हणून मीही म्हणू लागले. पुढं सगळी गल्लीच म्हणायची, आणि त्यात त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही होती. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत कायम एक पितळी फुलपात्र असे. ते पाणी प्यायला नव्हे. पाणी भरून ते थरथरत्या वस्तूवर ठेवायचं आणि पाण्यावरच्या रेघा वाचायच्या. त्यांची सायकल हा गल्लीतला सगळ्यांत धोक्याचा प्राणी होता, कारण तिला आवाजच नव्हता. घंटीनं नट ढिले होतात म्हणून घंटी काढलेली, साखळीला तेल, मडगार्डला आतून कातडी. ती मागून येऊन लागली की मगच आली असं कळे. शेवटी दोघातिघांचे गुडघे फुटल्यावर अक्कांनी सक्ती केली, तेव्हापासून भाऊजी तोंडानं "आलो, आलो" म्हणत सायकल चालवू लागले.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि भीमेच्या अलीकडं माझ्याइतकं शहाणं माणूस नाही अशी माझी प्रामाणिक समजूत होती. इंटरपर्यंत शिकलेली, गॉगल लावून भाजी आणायला जाणारी, आणि आमच्या ह्यांच्या पगारात आपण घर किती काटकसरीनं चालवतो हे न विचारता सांगणारी. माझी नातवंडं म्हणतात, आजी किती समजूतदार आहे. त्यांना ती बाई भेटलेली नाही हे त्यांचं नशीब. एका दुपारी मी भाजी घेऊन आले, तर माझ्या शिवणाच्या मशीनखालून दोन पाय बाहेर आलेले. मी दुधी भोपळ्यासकट पिशवी त्या पायांवर घातली आणि चोर चोर म्हणून ओरडले. खालून शांत आवाज आला, "मारा की. पण एक नट राहिलाय तेवढा आवळू द्या. तीन भिंतींपलीकडं माझ्या पलंगाला कळतंय तुमचं मशीन." नट आवळून झाल्यावर त्यांनी मशीनच्या आडव्या दांडीला, बोटांनी मोजून एका ठरावीक जागी, एक जुनं कुलूप लटकवलं. मशीन चालवलं, तर कुलूप वेड्यासारखं हलत होतं आणि मशीन देवासारखं उभं. मी कृतज्ञता म्हणून दुसऱ्याच दिवशी ते कुलूप काढून टाकलं, कारण ते दिसायला बरं दिसत नव्हतं. थरथर परत आली. मी मशीनच्या दुकानदाराला नावं ठेवली.

आता अक्कांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यापायी झालं. अक्का चौदाव्या वर्षी सासरी आल्या तेव्हा हे दीर नऊ वर्षांचे, आईविना असलेले. त्यांना न्हाऊमाखू घालून, शाळेत धाडून, वेळेला दोन धपाटे देऊन अक्कांनी वाढवलं, आणि रीत म्हणून त्यांना "अहो भाऊजी, तुमी" असंच म्हटलं. कान धरतानाही अहोच. अक्कांचं माहेर टेंभुर्णी. एसटीनं अडीच-तीन तासांचा रस्ता. पण अक्कांना बंद गाडी लागायची. लग्नानंतर पहिल्यांदा मोटारीत बसल्या तेव्हा जे पोटात ढवळलं ते कायमचं. पूर्वी त्या बैलगाडीनं, टांग्यानं टप्पे घेत जात. पण विहिरीच्या पायरीवरून पडून पाठ दुखावली, तेव्हापासून धक्का म्हणून सोसवेना. बंद गाडीत पोट, उघड्या गाडीत पाठ. अकरा वर्षं त्या माहेरी गेल्या नव्हत्या. भाऊ येऊन भेटून जात, पण आई ऐंशीच्या घरातली, तिचं येणं होणार नव्हतं. "टेंभुर्णी हाकेवर हाय म्हणायचं," अक्का म्हणत, "आन् हाक द्यायलाबी जाता येत न्हाय." एवढं बोलून त्या ज्वारी पाखडायला घेत. सूप जरा जास्त आपटत असे, एवढंच.

भाऊजींनी एका सरकीच्या कारखानदाराचं बंद पडलेलं इंजिन चालू करून दिलं. त्याच्या शेडमध्ये कुणा पूर्वजानं हौसेनं घेतलेली लांबलचक अमेरिकन मोटार कुजत पडली होती. फिक्कट निळी, वर पत्र्याचं छत नाही, घडी होणारा कापडी टप, आणि तोही उंदरांनी खाल्लेला. "जागा मोकळी होईल, घेऊन जा," असं मालक म्हणाला. बैलजोडी लावून ती आमच्या परसात आणली तेव्हा अर्धी गल्ली बघायला जमली. भाऊजींनी आत बसून वर बघितलं, आभाळ दिसलं, आणि ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "वैनी, हिच्यात हवाच हवा हाय. हिच्यात कुणाला गाडी लागंल?"

"मला लागंल," अक्का म्हणाल्या. "माझं काय सांगू नका. आन् ते हात धुवा आधी."

त्या दिवसापासून भाऊजींना दुसरं सुचेना. आठ महिने ते त्या गाडीखाली राहिले. गाडीच्या डिकीत आधीच्या कुणा मिस्त्रीनं सोडून ठेवलेलं बरंच सामान होतं: पाइप, पट्ट्या, आणि चार जड लोखंडी डबे, दुधाच्या बरणीएवढे, चारी बाजूंनी बंद. कुणी म्हणालं, तेलाचे असतील. कुणी म्हणालं, गाडी वाऱ्यानं उडू नये म्हणून कंपनीनं घातलेलं ओझं असेल. ते परसातल्या भिंतीशी पोत्याखाली गेले. इंजिन सुरू झालं, टप शिवून झाला (तो मी शिवला, त्याची डावी बाजू चार बोटं आखूड होती), आणि एका सकाळी अक्कांना मागच्या सीटवर उशा लावून बसवून आम्ही होटगी रस्त्याला लागलो. हळू होती तोवर गाडी गुणी होती. पण ताशी तीस मैलांच्या पुढं काटा गेला आणि तिला हीव भरलं. दारं आपापल्या चौकटीत वाजू लागली, समोरची काच डोलू लागली, माझा गॉगल नाकावरून हनुवटीवर आला. दोन फर्लांगांत अक्कांनी गाडी थांबवायला लावली. पाठीवर हात धरून त्या उतरल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, ही गाडी न्हाय, चाळणी हाय." मग त्या घरापर्यंत चालत आल्या, आणि गाडी मागून पावलापावलानं, ओशाळल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी आमचा फराळाचा पत्र्याचा डबा मागून नेला. झाकण लावून पिळायचा प्रयत्न केला, हलला नाही. झाकण काढून पिळला, तर वाकडा झाला. "हे बघा बाईसाहेब," ते म्हणाले. माझ्या गॉगलला मान देऊन ते मला बाईसाहेब म्हणत. "छत म्हंजे झाकण. झाकण न्हाय म्हणून ही पिळते." मी म्हटलं, मग छत बसवा. ते म्हणाले, "मग वैनीला लागणार की." आणि तो वाकडा डबा तसाच परत केला. पुढं दिवाळीत त्याचं झाकण लागेना.

मग प्रयोग सुरू झाले. गाडीच्या चारी कोपऱ्यांवर फुलपात्र ठेवून कुठलं पाणी जास्त नाचतं ते पाहायचं. मग कोपऱ्यांवर वजनं ठेवून पाहायची: वाळूची पोती, पाटा, एकदा आमचे हे. पुढच्या मडगार्डवर उजवीकडं मला आणि डावीकडं आमच्या ह्यांना बसवून गाडी मिलिटरी मोटारीसारखी गल्लीतून गेली, तेव्हा लोकांना वाटलं, पुन्हा वरात काढली. निरुपयोगी म्हणून तो प्रयोग सोडून देताना भाऊजींनी एक निरीक्षण नोंदवलं, "बाईसाहेब गप बसल्या की थरथर थोडी कमी होते." मी ते मनावर घेतलं नाही. उलट मी ठरवलं की ह्या अडाणी खटपटींना आता विद्येचा हात लागला पाहिजे, आणि गाडीच्या अमेरिकेतल्या कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. चार पानी. त्यात सोलापूरचं हवामान होतं, अक्कांचं मातृप्रेम होतं, माझं शिक्षण होतं. गाडी कुठलं मॉडेल, कुठल्या वेगाला थरथरते, हे लिहायचं राहिलं. उत्तर आलं नाही. अमेरिकेचा दोष नाही.

उलगडा झाला तो भाऊजींनाच. गाडीच्या एका पुढच्या कोपऱ्यात, आत, त्यांना गंजाची गोल खूण दिसली. भांडं वर्षानुवर्षं एका जागी ठेवलं की फरशीवर उमटते तशी. भोवती चार बोल्टांची भोकं. मग दुसऱ्या कोपऱ्यात तशीच. मागं दोन. त्यांनी दोरीनं माप घेतलं आणि अंगणात खडूनं चार वर्तुळं काढली. बराच वेळ त्यांच्याकडं बघत बसले, आणि एकदम उठून पोत्याखालचा डबा उचलून वर्तुळात ठेवला. बरोबर बसला. डबा कानाशी हलवला, आत काहीतरी जड, थांबून, विचार करून "डुब्ब" झालं. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. पहिल्या नातवाला बघताना माझ्या सासऱ्यांचा तसा झाला होता. त्यांनी मला समोर उभं केलं. "बाई कमरेवर घागर घेऊन चालती, तवा तिचा दुसरा हात काय करतो? उलटा हलतो. तो हलतो म्हणून घागर हलत न्हाय. तुमच्या मशीनचं कुलूप. तसं ह्यात आत तेलात, स्प्रिंगवर वजन हाय. गाडी हिकडं गेली की ते तिकडं. थरथरायचं काम ह्या चौघांनी अंगावर घ्यायचं आन् बाकीच्यांनी बसायचं गुमान." मग पोतं पूर्ण उचलून त्यांनी भिंतीशी पाहिलं, आणि म्हणाले, "दोनच कसे?"

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. तेव्हा मी कबूल केली नाही.

पलीकडच्या बोळात एक तेलुगू विणकर होते. घरात हातमाग, त्यावर चादरी. मागावरचा ताणा ताठ राहायला वजनं टांगावी लागतात. त्यांची वजनं म्हणजे दगड, आणि त्यातले दोन फुटले होते. महिनाभरापूर्वी परसात ते डबे नुसते पडलेले बघून मी दोन त्यांना देऊन टाकले, आणि बदल्यात एक चादर आणली, जिच्यावर मोराची मान एका जागी मोडली होती म्हणून ती दुकानात गेली नव्हती. ह्या व्यवहाराचं कौतुक मी आमच्या ह्यांना दोन दिवस ऐकवत होते. आणि आता भाऊजी सायकलवरून, "आलो, आलो" म्हणत, भंगारवाल्यांच्या एकेका दुकानात दोन डबे शोधत फिरत होते, अक्का म्हणत होत्या मांजरानं नेले असतील, आणि मी त्या मोरावर झोपत होते. चार दिवस. मान मोडलेला मोर इतका टोचतो हे मला माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी टेंभुर्णीहून पत्र आलं. अक्कांना वाचता येत नसे. पत्रं मी वाचून दाखवायची. भावानं लिहिलं होतं: आईच्या डोळ्यांत पाणी उतरलं आहे, डॉक्टर म्हणतात दिवाळीपर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही. आई म्हणते, दिसतंय तोवर लेकीला एकदा बघू द्या. वाचून झालं. अक्कांनी पत्र माझ्या हातातून घेऊन चौघडी केली. "लिव्ह त्यांना, दसऱ्याला बघू म्हणून." मी पेन शोधायला उठले, तर मागून हळूच म्हणाल्या, "दसरा दिवाळीच्या आदीच येतो न्हवं गं?"

मी पेन न घेता अंगणात गेले. भाऊजी खडूच्या वर्तुळांपाशी बसले होते.

"भाऊजी, ते दोन डबे मी दिले."

"कुणाला?"

"मागवाल्यांना."

"कशाला?"

"चादरीला."

ते उठले, आमच्या खोलीत आले, पलंगावरच्या चादरीवर तळहात ठेवून त्यांनी डोळे मिटले. मी वाट बघत उभी. "चादर बरी हाय," ते म्हणाले, आणि चपला घालायला गेले. उभ्या आयुष्यात मला इतकं जिव्हारी लागेल असं कुणी बोललेलं नाही.

विणकर मात्र सरळ नाही म्हणाले. "बाई, दिलेली वस्तू परत मागायची तर पहिलं सांगायचं की. हे टांगल्यापासून माझा माग गप्प चालतो. लेकरू झोपायलंय पाळण्यात. आधी खडखडाटानं झोपत नव्हतं ते." मी वाद घालायला तोंड उघडलं, तर भाऊजींनी हात वर केला. ते मागाशी गेले, चौकटीवर तळवा टेकवला. विणकरांनी धोटा फेकला, फणी ओढली. माग चालला, डबे आतल्या आत डुब डुब करत राहिले, आणि भाऊजी डोळे मिटून हसू लागले. "बाईसाहेब, हितं या. हात ठेवा. बघा, करतोय काम." मला काही कळलं नाही. पण चार डबे गाडीत बसवल्यावर काय होईल हे जे त्यांना नुसतं मनात ठाऊक होतं, ते त्यांना त्या मागावर प्रत्यक्ष भेटलं होतं. माझ्या गुन्ह्याचा एवढा एक फायदा झाला. मी तो पुढं अनेक वर्षं भांडवल म्हणून वापरला.

मला वाटलं, आता डबे सोडून घ्यायचे आणि निघायचं. भाऊजींनी तीन दिवस त्या मागाशी बसून विणकरांसाठी दुसरे डबे तयार केले. डालड्याच्या टिनांत वाळू भरायची, सायकलच्या ट्यूबवर टांगायची, चिमटी-चिमटीनं वाळू काढायची-घालायची. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊजी, दिवाळी जवळ येतेय. तिकडं डोळे चाललेत त्यांचे." ते वाळू मोजतच म्हणाले, "ह्याचं लेकरू उठवून वैनीला माहेरी न्यायची?" संध्याकाळी माग चालू असताना पाळण्यातलं मूल झोपलेलं राहिलं, तेव्हा विणकरांनी आपल्या हातानं दोन्ही डबे सोडून दिले, वर हळदीचं बोटही लावलं.

आता चार डबे होते आणि कुठला कुठल्या कोपऱ्यातला हे सांगणारं कुणी नव्हतं. मी ताबडतोब जाहीर केलं की ज्यांच्यावर निळा रंग जास्त आहे ते पुढचे, कारण ते दर्शनी. भाऊजींनी माझं ऐकून घेतलं आणि दोरी काढली. दोन डबे अर्धं बोट जास्त रुंद निघाले; मागच्या गंजाच्या खुणाही तेवढ्याच रुंद. ते मागचे. निळे शिंतोडे एकाच अंगाला उडालेले होते, म्हणजे गाडी रंगवताना ते अंग बाहेरच्या बाजूला. त्यावरून डावा-उजवा कळला. आणि विणकरांकडचे डबे मागावर होते तसेच ठेवले, तर त्यांच्यावर रंगाचा ओघळ खालून वर गेलेला दिसला. "रंग कदी वर चढतो का," ते म्हणाले, "मागावर उलटे टांगले होते." उलटा टांगल्यामुळं एकातलं तेल बुचातून झिरपत होतं ते त्या शेवटच्या तीन दिवसांत संपलं होतं; तो हलवला की "खण्ण" करी. तेल कुठलं, किती दाट, हे कुणाला माहीत? भाऊजींनी चांगल्या डब्यातलं थेंबभर तेल काढलं, मला जेवणाचं ताट तिरकं धरायला लावलं, आणि एक थेंब त्याचा, एक थेंब आपण मिसळलेल्या तेलाचा, दोन्ही एका रेषेत सोडले. पळतोय कोण, रेंगाळतोय कोण ते बघायचं. पातळ झालं की दाट घालायचं. दोन दुपारी मी ते ताट धरून बसले होते. तीसएक शर्यती झाल्यावर दोन थेंब हातात हात घालून खाली आले, आणि मी गप्प बसून केलेलं ते पहिलं काम संपलं.

बसवताना मी पुन्हा डोकं चालवलं. डब्यांखाली मऊ असावं म्हणून जुन्या चपलांचे रबरी तळवे कापून गाद्या केल्या. मायेनं केल्या. गाडी होटगी रस्त्यावर पूर्वीसारखीच थडथडली. भाऊजींनी चारी गाद्या काढल्या, खालचा गंज आणि रंग खरवडून लखलखीत पत्रा काढला, डबे थेट त्यावर सरळ उभे करून बोल्ट असे आवळले की त्यांच्या मानेच्या शिरा दिसल्या. "गाडीची थरथर डब्याला कळाया पायजे, बाईसाहेब. मधी गादी घातल्यावर त्याला काय कळणार?" मग ते एकटेच गाडी घेऊन गेले. परत आले तेव्हा फुलपात्र शेजारच्या सीटवर होतं आणि काठोकाठ भरलेलं होतं. ते त्यांनी तसंच उचलून स्वयंपाकघरात नेलं आणि अक्कांच्या पुढं ठेवलं. अक्कांनी पाण्याकडं पाहिलं, दिराकडं पाहिलं. "सुम्म कूडरी जरा," असं कानडीत म्हणून त्यांना पाटावर गप्प बसवलं आणि ते पाणी त्यांनाच प्यायला लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. भाऊजी गाडीवर, मागं अक्का उशांना टेकून, अंगाखाली मोराची चादर, एका मुठीत लिंबू, दुसरीत आवळकाठी, तोंड मिटलेलं, शेजारी मी गॉगल लावून. गाडी चाळीसला गेली. दारं वाजली नाहीत. काच स्थिर. ज्वारीची हिरवी रानं दोन्ही बाजूंनी सरकत होती, आणि अक्का पोटात ढवळायची वाट बघत होत्या. मोहोळ गेलं. त्यांनी लिंबाचा वास घेतला, मग घेतला नाही, मग ते पिशवीत टाकलं आणि शेंगाचटणी-भाकरी काढली. बरोबर त्याच वेळी मला मळमळू लागलं. गाडी थांबवून मी रस्त्याकडेला बसले. अक्का एका हातानं माझी पाठ चोळत होत्या, दुसऱ्या हातात भाकरी. "भाऊजी, हिला लागली की गाडी."

"वारा सगळा बाईसाहेबांनाच मिळाला," भाऊजी म्हणाले.

टेंभुर्णीला ओट्यावर म्हातारी आई बसलेली होती. अक्का पाठ सांभाळत उतरल्या, जवळ गेल्या. म्हातारीनं त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून आपल्या उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेलं, दळण बारीक झालंय का ते बघावं तसं, आणि कितीतरी वेळ पाहिलं. "पांढरी झालीस की गं."

"दिसतंय व्हय तुला?"

"तेवढं दिसतंय."

दोघी त्यावर पुष्कळ हसल्या. भाऊजी आत आले नाहीत. ते गाडीखाली जाऊन बोल्ट बघत होते. एकही सैल नव्हता हे मला माहीत आहे, कारण वर येताना त्यांच्या हाताला काळं लागलेलं नव्हतं.

पुढचं पटकन सांगून टाकते. म्हातारीची नजर दिवाळीपर्यंतच नव्हे तर होळीपर्यंत टिकली, आणि नंतरही अक्का महिन्या-दोन महिन्यांनी जातच राहिल्या, कारण दिसत नसलं तरी हातांना पांढरे केस कळतात असं आई म्हणे. आता ती गाडी नाही, अक्का नाहीत, भाऊजी नाहीत. पण ती पहिली संध्याकाळ आहे. म्हातारीनं हट्ट धरला की मला त्या निळ्या गाडीतून भीमा बघायची, दिसतीये तोवर. दोघींना मागं बसवलं. जागा माझ्यापुरती होती, पण आपण खाली उतरावं हे आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी न सांगता कळलं, आणि मी ओट्यावर थांबले. भाऊजींनी गाडी काढली. मागं दोन पांढरी डोकी एकमेकींकडं वळलेली, एक बोलतेय, दुसरी बोट दाखवतेय. गाडी इतकी हळू चालली होती की उसाची एक बैलगाडी तिच्या बाजूनं पुढं निघून गेली आणि गाडीवान वळून बघत राहिला. त्या चालीला ते चारही डबे काढून परत मागाला टांगले असते तरी चाललं असतं. एवढ्या हळू जाणारी गाडी मुळी थरथरतच नाही. आणि हे त्या रस्त्यावर भाऊजींपेक्षा चांगलं कुणालाच ठाऊक नव्हतं. नदी काही फार लांब नव्हती. ते तिला लांब करत होते.